पांगुळगाडा, किंमत ठाम

रविवारचा पेपर पंचफुला शेवटच्या पानापासून वाचायची. पहिलं पान सूर्यभानचं. त्यावर मोर्चे असत, लाठीमार असे, विद्यापीठाच्या नावावरून पेटलेलं एखादं गाव असे; ते वाचून झालं की तो पान दुमडून ठेवी. तिच्या वाट्याला चौथं पान येई, आणि तिथं निविदा नि वधू-वर यांच्या मध्ये अडकलेला, दोन बोटं रुंदीचा 'विकणे आहे' हा रकाना.

सत्याऐंशी साल होतं. परभणीत येऊन त्यांना दीड वर्ष झालं होतं. सूर्यभान वालूरच्या शाळेत मास्तर. पण वालूरला खोली मिळेना. खोल्या रिकाम्या असत, आडनाव सांगितलं की नेमका त्याच आठवड्यात घरमालकाचा भाऊ राहायला यायचा असे. शेवटी वसमत रोडच्या मागच्या गल्लीत सुमनबाईंनी पुढच्या दोन खोल्या दिल्या, कारण त्यांनी आडनाव उशिरा विचारलं, आणि तोवर दोन महिन्यांचं भाडं घेऊन झालं होतं. सूर्यभान शनिवारी दुपारी यायचा, सोमवारी पहिल्या गाडीनं जायचा. मधले दिवस पंचफुला आणि पारू. पारूचं खरं नाव पारमिता. सोळा महिन्यांची झाली होती, आणि अजून तिनं एक पाऊल टाकलं नव्हतं.

रकान्यातल्या वस्तू पंचफुलाला शेजारणींसारख्या ओळखीच्या झाल्या होत्या. एक शिलाई मशीन नऊशेला आलं, सातशेवर उतरलं, मग एका रविवारी दिसेनासं झालं. जिंतूरच्या कुणाची लुना 'अगदी नव्यासारखी' म्हणत दोन महिने पडून राहिली आणि शेवटी 'आहे त्या स्थितीत' गेली. बी.ए.ला तिचा विषय अर्थशास्त्र होता. गिऱ्हाईक नसलं की किंमत खाली येते, एवढं तर त्या विषयात पहिल्याच तासाला शिकवतात. म्हणून ती एक जाहिरात तिला खुपायची.

'पांगुळगाडा, लाकडी, वापरलेला. रु. ११४०. किंमत ठाम. चौकशी दुपारी.' खाली पत्ता.

पंचफुला नि सूर्यभान परभणीत आले तेव्हा हीच वस्तू हजाराला होती. मग एक हजार चाळीस झाली, अकराशे झाली. सुतार चाळीस रुपयांत नवाकोरा गाडा करून देतो. सूर्यभानचा पगार थोडा इकडेतिकडे जाहिरातीतल्या आकड्याएवढा होता. "छापणाऱ्याच्या हातून एक शून्य जास्त पडलंय," असं तो म्हणायचा आणि दोघं हसायची. पारू चालेना तसं पंचफुलाचं हसू थांबलं.

डॉक्टरांनी दोनदा तपासलं. हाडं चांगली आहेत, वजन चांगलं आहे, चालेल म्हणाले. पण उभं केलं की पारू दोन्ही पाय पोटाशी घ्यायची. दुपारी ती झोपली की पंचफुला तिच्या तळव्यावरून हळूच बोट फिरवून बघायची. पायाची बोटं आक्रसायची. मग जरा वेळ तिला बरं वाटायचं. अर्ध्या तासानं पुन्हा फिरवून बघायची.

त्या गल्लीत पांगुळगाडा विकत आणत नसत. एकच गाडा होता, कुणी केला होता ते कुणाला आठवत नव्हतं. ज्या घरचं लेकरू चालायला लागलं, तिथून तो पुढच्या घरी जायचा. नेणाऱ्या बाईनं त्या घरच्या उंबऱ्यावर मूठभर ज्वारी ठेवायची, की झालं. नवा गाडा पायाला लागत नाही, चाललेल्या लेकराचाच लागतो, अशी सगळ्यांची समजूत. सुमनबाईंचा नातू दिवाळीत चालायला लागला. पंचफुलानं वाटीत ज्वारी काढून फळीवर ठेवली. दोन आठवडे वाटी तिथंच होती, आणि एका सकाळी तिच्याच खिडकीसमोरून तो गाडा खडखडत पलीकडच्या घरी गेला.

"तुमच्यात असलं चालतं का न्हाई, मला म्हाईत नव्हतं बाई," सुमनबाई नंतर म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, काही नव्हतं. "तुमी लोक मानत न्हाई ना असलं."

मानत तर ती खरंच नव्हती. सूर्यभाननं वालूरच्या सुताराकडून नवा गाडा करून आणला. पारूनं त्याला हात लावला नाही. पंचफुलानं मुठी धरून दांड्यावर ठेवल्या, तर ती रडून रडून निळी पडली. तो गाडा मोरीच्या कोपऱ्यात गेला, त्यावर पिळे वाळायला लागले. संक्रांत झाली. गल्लीतल्या लेकी-सुना वाण घेऊन हिच्या दारावरून गेल्या-आल्या. त्यानंतरच्या मंगळवारी तिनं पारूला काखेत घेतलं, पेपरचा तुकडा आणि पदराच्या गाठीला पन्नास रुपये घेतले, आणि दुपारची निघाली.

पत्ता कृषी विद्यापीठाच्या शिवाराला लागून होता. रस्त्याच्या कडेला प्रयोगाची ज्वारी उभी होती; कणसाकणसाला कागदी पिशवी बांधलेली, वाऱ्यानं सगळ्या एकदम सळसळायच्या. त्या आवाजानं पारू मान वळवून वळवून बघत होती. घर सापडायला त्रास पडला नाही. कवाड पन्नाशीच्या बाईनं उघडलं, अर्धंच.

"पेपरात जाहिरात होती," पंचफुला म्हणाली. "पांगुळगाड्याची."

बाईनं तिच्याकडं नाही, पारूकडं बघितलं.

"आले व्हय?" आतून पुरुषाचा घाईचा आवाज आला. "कस्तुरे, आलेत व्हय ते?"

"न्हाई न्हाई. दुसरंच कुणी हाय. लेकुरवाळी बाई हाय." मग कवाड पूर्ण उघडलं. "या माय. आत या."

आत शहाबादी फरशी, एक लोखंडी खुर्ची, आणि खुर्चीत मागच्या दाराला पाठ लावून बसलेले गृहस्थ. दिनकरराव, असं त्यांनीच सांगितलं. तहसिलीत कारकून होते, मुदतीआधी निवृत्ती घेतलेली. कोपऱ्यात टॉवेल टाकून गाडा झाकलेला होता. कस्तुराबाईनं आत हाक मारली तशी सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी पाण्याचा गिलास घेऊन आली. अंगानं चांगली, चेहरा तरतरीत. पण कस्तुराबाईनं पुढं होऊन तिचं कोपर घट्ट धरलं होतं आणि त्या दोघी मिळून चार पावलं आल्या, त्यामुळं पाणी हिंदकळून फरशीवर सांडलं. पाणी दिल्यावरही कस्तुराबाईनं कोपर सोडलं नाही. दोघी तशाच उभ्या राहिल्या.

"अकराशे चाळीस फार होतात," पंचफुला म्हणाली. "मी पन्नास द्यायला तयार आहे."

"ठाम लिवलंय," दिनकरराव म्हणाले.

"या भावात कोण घेईल?"

"कुणी घेऊच न्हाई."

तिला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. पण त्यांचा चेहरा अर्ज तपासणाऱ्या कारकुनाचा होता. "मग जाहिरात कामून देता?"

"विकायला काढला म्हणजे आपण हक्क सांगत न्हाई. अन् कुणाला झेपत न्हाई तोवर दुसऱ्याचाबी होत न्हाई. मधी राहतो. मधीच राहिलेला बरा."

"आणि सारखा भाव वाढवता तो?"

दिनकररावांनी बायकोकडं पाहिलं. "घेणारे बी पैसे जमवायलेत ना," ते म्हणाले.

पंचफुलाला उठून जावंसं वाटलं. तिनं पारूसाठी हात खाली नेला तर मांडीवर पारू नव्हती. ती रांगत कोपऱ्यात गेली होती. टॉवेल तिनं ओढला होता. जुना गाडा, तीन चाकांचा, रंग कधीच गेलेला. आडवा दांडा हाताळून हाताळून काळा नि गुळगुळीत झालेला. त्याच्या डाव्या टोकाला बालमुठीएवढी झीज होती आणि उजव्या टोकाला मोठ्या माणसाच्या हाताएवढी. बायका एका हातानं आधार देत असतील, असं पंचफुलाच्या मनात आलं. तेवढ्यात पारूनं दांडा धरला, गुडघे थरथरत सरळ केले आणि उभी राहिली. चाक कुरकुरलं. एक पाऊल. दुसरं. चौथ्या पावलावर ती मागं वळून आईकडं बघून हसली.

पंचफुला रडायला लागली. परक्या घरात, परक्या पुरुषासमोर, तोंडाला पदरही न लावता.

कस्तुराबाई लेकीकडं बघत होती, मग पारूकडं, मग पुन्हा लेकीकडं. "ने माय," ती म्हणाली. "उसना ने. चाललं लेकरू की आणून दे."

"कस्तुरे!"

"उसन्यानं काय होतंय वो? मूठभर ज्वारी ठेवंल उंबऱ्यावर. बायाबायांतलं हाय."

मूठभर ज्वारी म्हटल्याबरोबर पंचफुलाचे डोळे कोरडे झाले. फळीवरची वाटी तिला दिसली. वडिलांनी गावकीची कामं सोडली, त्या दिवसापासून माहेरी एक नियम होता: कुणाच्या दारची वस्तू मागून आणायची नाही. घ्यायचं ते पैसे मोजून, नाहीतर त्यावाचून राहायचं. उसनं, उतरलेलं, उरलेलं, काही नाही.

"फुकट नको," ती म्हणाली. "माझ्याकडून जमेल ते घ्या."

"अगं पैसे नको, माय, ऐक—"

पंचफुलानं पन्नास पुढं केले. कस्तुराबाईनं दोन्ही हात मागं नेले. तेवढ्यासाठी तिनं लेकीचं कोपर सोडलं. मग पंचफुलानं बसभाड्यासाठी पोलक्यात ठेवलेली पाचाची नोट काढली, कस्तुराबाईचा हात ओढून तळव्यावर ठेवली आणि बोटं मिटवली. "एवढे तरी घ्याच. नाहीतर मी नेणार नाही."

दिनकरराव अर्धवट उठले होते. कस्तुराबाईची मूठ मिटलेलीच राहिली. ती उघडावी की नाही, असं दोघंही एकमेकांकडं बघून विचारत असल्यासारखं वाटलं. खोलीत फक्त चाकाची कुरकुर होती. मग कस्तुराबाईनं पाच रुपये कनवटीला लावले. दिनकरराव सावकाश खाली बसले आणि एकदम फार अदबीनं म्हणाले, "पावती करून देतो. नाव, पत्ता सांगा."

सुशिक्षित माणसाला पावती आवडते. पंचफुलानं नाव, पत्ता, घरमालकिणीचं नाव, सगळं नीट सांगितलं.

दोन दिवसांत पारू दोन्ही खोल्या पालथ्या घालू लागली. पंचफुला स्वयंपाकघरातून चाकाचा आवाज ऐकत भाकरी थापायची आणि तिला गाणं म्हणावंसं वाटायचं. गुरुवारी तिच्या ध्यानात आलं की पारू दांडा मधोमध धरत नाही. डाव्या टोकालाच धरते. एका टोकाला जोर दिला तर गाडा वळायला पाहिजे. हा सरळ जात होता. पंचफुलानं स्वतः एका टोकाला धरून ढकलून बघितला, तर भिंतीवर जाऊन आदळला. फरशीला उतार असेल, असं तिनं ठरवलं, आणि बादलीभर पाणी ओतून बघितलं. पाणी भलतीकडंच गेलं.

पारू थांबली की चाक थांबायचं, पण लगेच नाही. अर्धा फेरा जास्त.

शुक्रवारी सुमनबाई कपडे वाळत घालता घालता म्हणाल्या, "पाव्हणी आलीय का तुमच्याकडं?"

"नाही. का हो?"

"न्हाई, दुपारी खिडकीतून दिसली. लेकराला कोण फिरवायलं होतं? बहीण-बिहीण हाय म्हटलं."

"मीच असेन."

"तुमी तर तवा नळावर होतात की," सुमनबाई म्हणाल्या, आणि चिमटे तोंडात धरले.

त्या दुपारी पंचफुलानं गाडा उचलून मोरीत, दुसऱ्या गाड्याशेजारी ठेवला. पारूला उभं केलं. पारूचे पाय फडक्यासारखे लोंबले. तिनं दहा वेळा करून बघितलं. पायाच्या तळव्यावर बोट फिरवलं. बोटं आक्रसली नाहीत. पंचफुला पळत मोरीत गेली आणि गाडा परत घेऊन आली.

शनिवारी सूर्यभान आला. मुलगी चालत दारापर्यंत सामोरी आली, तेव्हा त्यानं हातातली पिशवी खाली टाकली आणि त्यातली वांगी गल्लीभर घरंगळली. पंचफुलानं त्याला बाकीचं काही सांगितलं नाही. काय सांगणार होती? चाक अर्धा फेरा जास्त फिरतं म्हणून?

रविवारी त्यानं पहिलं पान वाचलं, दुमडलं, आणि आज पहिल्यांदाच चौथं उघडलं. मग हसायला लागला. "काय वो बी.ए. बाई. पाचला घेतला अन् पाचलाच विकायला काढला व्हय? मधी नफा तरी धरायचा."

'पांगुळगाडा, लाकडी, वापरलेला. रु. ५. चौकशी दुपारी.' खाली तिचं नाव. सुमनबाईंच्या घराचा पत्ता.

सोमवारी सूर्यभान गेल्यावर ती पारूला घेऊन पेपरच्या कचेरीत गेली. जाहिराती घेणारा मुंजाजी नावाचा कारकून तिच्याच वयाचा, तोंडात सुपारी. त्यानं वही काढली नाही, त्याला पाठच होतं.

"दिनकरआबा आले होते बुधवारी. म्हणले माल आता आमचा न्हाई, घेणाऱ्या बाईचा हाय. महिन्याचे पैसे भरलेले हायत, वाया कशाला घालता, नाव-पत्ता बदला म्हणले. पेपर निघाला तवापासूनची जाहिरात बगा ही."

"पण मला विकायचाच नाही. बंद करा."

"करतो की. पण बाई, रविवारचा तर गेला. पुढच्या रविवारपासून बंद होईल."

तिथून ती तशीच ज्वारीच्या शिवाराकडं निघाली. पारू काखेत जड लागत होती. घराच्या अलीकडंच ती मुलगी समोरून आली. कस्तुराबाईची लेक. एकटी. वेणीत अबोलीचा गजरा, पायात नव्या चपला, दोन्ही हात मोकळे सोडून झपाझप चालत होती. पंचफुलाला बघून थांबली, आणि पारूकडं बघताच तिचं हसू गेलं. "मी बाजारात चाललेय," ती उगाच म्हणाली. "पहिल्यांदाच." आणि रस्त्याची बाजू बदलून निघून गेली.

कस्तुराबाईनं या वेळी कवाड उघडलं नाही. खिडकीच्या गजाआडून बोलली.

"गाडा परत घ्या," पंचफुला म्हणाली. "पैसे नकोत मला."

"न्हाई घेता येत आता."

"का?"

"मी उसनाच देत होते, माय. तूच हातात कोंबले." कस्तुराबाईचा आवाज कापत होता, पण चेहऱ्यावर झोप पूर्ण झालेल्या माणसाचा तजेला होता. "मला सोळा वर्षांत एकदा तिचा हात सोडता आला. मला दोष देऊ नको."

"मी जाळून टाकीन तो."

"चालायलंय ना लेकरू? मग कसं जाळशील?" ती गजाजवळ आली. "जाहिरात बंद करू नको. किंमत वाढव. ते येतील, तवा त्यांच्याजवळ नसंल एवढी सांग. अन् वाढवतच ऱ्हा."

"कोण येतील?"

मागून दिनकररावांचा आवाज आला, "कस्तुरे, खिडकी लाव."

खिडकी लागली.

ते बुधवारी दुपारी आले. नवरा-बायको. त्याच्या डोक्याला धुतलेला रुमाल, तिच्या अंगावर इरकली लुगडं, दोघांच्या पायांवर धूळ. ताडकळसकडून आलो म्हणाले. बसा म्हणायच्या आधीच खाली फरशीवर बसले, घरच्यासारखे.

"पाणी द्या माय. लय ऊन हाय."

पंचफुलानं माठातून दोन गिलास भरले आणि सवयीनं थांबली. या जागी माणसं आडनाव विचारत, किंवा आत्ताच पिऊन आलो म्हणत. हे दोघं हात पुढं करून बसले होते. त्यांनी गिलास घेतले, तोंडाला लावले. बाईनं पदरानं ओठ पुसले.

"गोड हाय पाणी," ती म्हणाली.

दीड वर्षांत त्या घरात बाहेरच्या कुणी पाणी घेतलं नव्हतं. पंचफुला त्यांच्यासमोर फरशीवर बसली. कस्तुराबाईचं बोलणं तिला त्या क्षणी वेडगळ वाटलं. ही तर साधी माणसं होती. बाई विचारत होती: दात किती आले? ताक-भात खाते का? झोपेत दचकते का? उजव्या कुशीवर झोपते की डाव्या? एवढं कुणीच कधी विचारलं नव्हतं. पंचफुला सांगत गेली. बरंच सांगून झाल्यावर तिला कळलं, की ती फार बोलली.

"अन् चालते ना?" बाप्यानं विचारलं.

आतून चाकाचा आवाज आला. पारू गाडा घेऊन दारात आली आणि थांबली. चाक अर्धा फेरा जास्त फिरलं.

बाप्यानं पाच रुपये काढून फरशीवर ठेवले.

बाई पारूकडं बघत होती. गाड्याकडं तिनं एकदाही बघितलं नव्हतं.

"गाडा बघून घ्या ना," पंचफुला म्हणाली.

"बघितलेला हाय."

"कुठं?"

"लय वर्षं झाली, बघायलोतच."

पंचफुलानं पारूला उचलून घेतलं. पारूनं दांडा सोडायला वेळ लावला.

"दोन हजार," पंचफुला म्हणाली.

"पेपरात पाच लिवलंय."

"छपाईची चूक झाली. दोन हजार. किंमत ठाम आहे."

बाप्या रागावला नाही. त्यानं बायकोकडं बघितलं. तिनं मान हलवली. त्यानं नोट उचलली, चार घड्या घातल्या, रुमालात खोचली.

"वाढवा माय," बाई उठता उठता म्हणाली. समजूत घातल्यासारखी. "आईनं वाढवायचंच असतंय. कस्तुराबाईबी वाढवायच्या."

दारात ती वळली.

"आमाला घाई न्हाई. तिला नीट चालू द्या."

ते गेल्यावर पंचफुलानं कडी लावली. बऱ्याच वेळानं ती गिलास उचलायला गेली. दोन्ही काठोकाठ भरलेले होते.

जाहिरात चालू राहिली. रु. २०००, मग फाल्गुनात २१००. मुंजाजी दर वेळी म्हणायचा, "बाई, या भावात कुणी घेणार न्हाई," आणि ती म्हणायची, "माहीत आहे." भाजीच्या पैशातून ती ओळीचे पैसे भरायची. सूर्यभान एकदा चिडला, एकदा हसला. मग त्यानं विषय सोडला. पारूचे पाय आता भक्कम झाले होते, आणि त्याला दुसरं काही बघायचं नव्हतं.

एका शनिवारी तो आला तेव्हा गाडा भिंतीशी होता आणि पारू आतल्या खोलीच्या दारात उभी होती. कशालाही न धरता.

"अगं! अगं बघ इकडं!" तो उकिडवा बसला, दोन्ही हात पसरले. "ये. ये माझ्या राणी. बाबाकडं ये."

पारू निघाली. एक, दोन, तीन. गाडा नाही, भिंत नाही.

"बघ, आधार न घेता!" सूर्यभानचा आवाज फाटला. "पंचफुला, बघ ना!"

पंचफुला बघत होती. पारूचा डावा हात मोकळा होता. उजवा तिनं कानाच्याही वर धरला होता आणि मूठ मिटलेली होती, पूर्ण नाही. आत एक बोट मावेल एवढी जागा सोडून.

सूर्यभानपासून दोन पावलांवर पारू थांबली. मान वर करून तिनं उजवीकडं बघितलं, जरा वाट पाहिली, आणि मगच बापाकडं गेली.